बा. म्हणजे बायको

आमच्या ह्यांच्याशी भांडायची सोय नाही. म्हणजे भांडण सुरू होतं, चांगलं रंगतंही, आणि माझा आवाज नेमका टिपेला पोचला की हे हात वर करतात. "थांब थांब, काय म्हणालीस? तेच परत म्हण." आणि शर्टाच्या खिशातून कार्ड काढतात. आता मला सांगा, तोंडाला तोंड देणारा नवरा परवडला. पण आपण तावातावाने बोलतोय आणि समोरचा माणूस ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतोय, वर तारीख घालतोय, म्हटल्यावर बाईने पुढे बोलावं तरी काय? बत्तीस वर्षांच्या संसारातल्या गेल्या चौदा वर्षांत माझं एक भांडण धड शेवटाला गेलेलं नाही.

हे मूळचे जहाज कंपनीतले कारकून. तिथे फ्रेंचमधून पत्रं यायची आणि वाचायला कुणी नसायचं, म्हणून कंपनीने चौघांना संध्याकाळच्या वर्गाला घातलं. तिघे महिनाभरात पळाले. हे चिकटले ते गुळाला मुंगळा चिकटावा तसे. पुढे कंपनी गेली, पत्रं गेली, पण फ्रेंच काही गेलं नाही. चौदा वर्षांपूर्वी हे शब्दकोशाच्या कचेरीत लागले. फ्रेंच शब्द घ्यायचा आणि त्याचे अर्थ आपल्या भाषेत सांगायचे, असं ते काम. कचेरी म्हणजे छापखान्याच्या मागची एक लांबट खोली. चार टेबलं, खिडकीत एक पंखा, आणि जिथे बघाल तिथे खोकी.

त्या कचेरीचा एक नियम आहे आणि आमच्या घरातली सगळी कटकट त्या नियमातून निघाली आहे. फ्रेंच वाक्य पुस्तकातलं चालेल, पण त्याच्यासमोर आपल्या भाषेतलं जे वाक्य द्यायचं, ते कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलं असलं पाहिजे. टेबलाशी बसून रचलेलं वाक्य चालणार नाही. शिवाय प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंसात बोलणाऱ्याची खूण. दु. म्हणजे दुकानदार, शे. म्हणजे शेजारी, मि. म्हणजे मित्र. आणि छापायच्या आधी ज्याचं वाक्य त्याची सही घ्यायची. पूर्वी सही घेत नसत, पण एका चावीवाल्याचं वाक्य न विचारता छापलं, तर तो सरळ येऊन संपादकबाईंच्या टेबलावर बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. तेव्हापासून सही.

त्यामुळे हे जातील तिथे कान लावून उभे. दुकानात सामान घेऊन झालं तरी हलत नाहीत. बसमध्ये आपला थांबा आला तरी उतरत नाहीत, कारण मागच्या सीटवरच्या बाईचं वाक्य अर्धवट राहिलेलं असतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला तर वर्षभर वाटत होतं की हे कुठल्यातरी सरकारी खात्याचे गुप्त माणूस आहेत. हे आत शिरले की तो बिचारा कात्री चालवायचा आणि ओठ मिटून घ्यायचा. शेवटी मीच जाऊन त्याला सांगितलं, "बाबा रे, निरुपद्रवी आहेत. बोल काय बोलायचं ते." तेव्हापासून तो इतका बोलतो की ह्यांचे केस दर महिन्याला जास्तच बारीक होतात.

तर ह्या माणसाच्या वाट्याला एक शब्द आला. 'आंकोर'. दिसायला एवढासा. वन्सं म्हणाल्या, "हात्तिच्या! मला माहीत आहे. नाटकात ओरडतात तो. वन्स मोअर!" वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात आणि वर्ग नसल्यामुळे आमचा घेतात. हे हसले. म्हणाले, "गंमत आहे ताई. फ्रेंच माणूस नाटकात हा शब्द ओरडतच नाही. तो 'बिस' म्हणतो. हा शब्द त्याला घरी लागतो."

आणि खरंच, घरी किती लागतो! अजून, पुन्हा, आणखी, एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. पण त्याच शब्दाने 'कालपरवापर्यंत' असंही म्हणता येतं. 'तेही झालं तर' असा टोमणा मारता येतो. 'निदान एवढं तरी' असा उसासा टाकता येतो. 'नशीब म्हणायचं' असं म्हणता येतं, आणि 'त्यासाठी आधी अमुक करावं लागतं' असं ठणकावताही येतं. मोजून अकरा अर्थ. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी तेवढ्या काळात सबंध दोन अक्षरांचे शब्द संपवले. हे तीन वर्षं आंकोरमध्येच. संपादकबाईंनी एकदा विचारलं, "झालं का?" तर ह्यांनी फ्रेंचमध्ये उत्तर दिलं, "पा आंकोर." म्हणजे, अजून नाही.

एका सोमवारी हे घरी आले ते नाचतच. हातात छापून आलेली कच्ची पानं. अडीच पानं भरून आंकोर! "शनिवारी संपादकबाई स्वतः येणार आहेत न्यायला. तोवर तुझ्या सह्या तेवढ्या करून ठेव," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी म्हटलं, माझ्या असतील दोन-चार. चष्मा सापडेना, म्हणून वन्संनी पानं घेतली आणि वाचायला लागल्या. शाळेत प्रार्थनेनंतर सूचना वाचाव्यात तशा खड्या आवाजात.

"अजून अंगावर तोच शर्ट? कंसात बा. पुन्हा छत्री विसरलात? बा. आता आणखी काय? बा. महिन्यातून एकदा जळमटं काढतात, तेही मी दहादा सांगितलं तर. बा. कालपरवापर्यंत तर चष्मा कुठे ठेवतात ते कळत होतं. बा. नुसतं बसायचंच होतं, तर निदान नळाकडे लक्ष तरी ठेवायचं. बा. नशीब डोकं मानेला चिकटलेलं आहे, नाहीतर तेही बसमध्ये विसरून आला असतात. बा." इथे वन्संनी श्वास घेतला. "वहिनी, हे बा. बा. काय आहे गं? कुणाचे बा?"

"बा. म्हणजे बायको," हे आतून म्हणाले. टॉवेलने हात पुसत, अगदी कौतुकाने.

तेवीस वाक्यं. त्यांतली दोन दुकानदाराची, एक न्हाव्याची, एक वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची. उरलेली एकोणीस माझी. आणि एकोणीसच्या एकोणीस वाक्यांत मी ह्या माणसाच्या अंगावर ओरडते आहे.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. "नमस्कार, थांबा, जोडून देते," हे मी दिवसाला पाचशे वेळा इतकं मधाळ म्हणत असे की लोक चुकीचा नंबर लागला तरी आभार मानायचे. गोडपणाचं माझं सर्टिफिकेट आहे, फ्रेम केलेलं. आता दिवसभराचा गोडवा तिकडे वाटून संपल्यावर घरी थोडा तिखटपणा आला, तर त्यात माझं काय चुकलं? पण ते पुस्तकात कसं कळणार? पुस्तक म्हणजे दगडावरची रेघ. मी मेल्यावरही कॉलेजची पोरं आंकोर शिकणार आणि म्हणणार, काय कजाग बाई होती ही, आणि बिचारा तो माणूस!

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पडला. "एकाही वाक्यावर?"

"एकाही नाही. वाक्यं बदला."

"बदलू कशी? ऐकलेलीच हवीत. तुझी काढली तर आठ अर्थांना वाक्यच उरत नाही. आणि वाक्य नाही तर अर्थ नाही. संपादकबाई अर्थच उडवतील."

"मग उडू देत," मी म्हटलं आणि आत जाऊन भांडी आदळायला लागले. हे दारात येऊन उभे राहिले. खिशाकडे हात गेला होता, पण माझ्याकडे बघून त्यांनी तो खाली घेतला. एवढं शहाणपण त्यांना आहे.

मंगळवारी वन्संनी तोड काढली. "अगं, ऐकलेलंच हवं ना? मग ऐकव की त्याला! गोड गोड बोल, तो लिहून घेईल." आणि त्यांनी बसून मला दहा वाक्यं लिहून दिली. मी ती स्वयंपाक करता करता पाठ केली. जेवताना सुरुवात केली.

"अहो, आणखी थोडं घ्या ना. तुमच्यासाठीच केलंय."

ह्यांनी घास तसाच हातात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला ताप चढलाय. "बरं वाटत नाही का तुला?"

"न वाटायला काय झालं? लिहून घ्या."

"नाही गं. हे कच्च्या मडक्यासारखं वाजतंय. तू असं कुठे बोलतेस?"

बुधवारी मी, "तुम्ही अजून किती तरुण दिसता," असं म्हणून पाहिलं. हे उठून आरशात बघून आले आणि म्हणाले, "ताईचं वाक्य आहे. ती 'किती'वर असाच जोर देते." गुरुवारी तर मी दाराशी उभी राहून, "पुन्हा लवकर या हं," म्हटलं, तर हे घाबरून परत आत आले आणि विचारायला लागले, आज कुठे जायचं होतं का, काही विसरलो का मी. तेव्हा माझा संयम सुटला. म्हटलं, "मदत करीन म्हणून कधीचे सांगताय, पण मदत करायला आधी खुर्चीतून उठावं लागतं माणसाला!" ह्यांचे डोळे चमकले. मग विझले. "हे आहे गं अकराव्या अर्थाला. गेल्या वर्षीच घेतलंय."

कपाळ माझं!

शुक्रवारी सकाळी टेबल पुसताना मला एक चिठ्ठी सापडली. ह्यांच्या अक्षरात तीनच ओळी. 'आंकोर : अजून. पुन्हा. आणखी.' खाली कंसात, 'बाकी अर्थांना वाक्यं मिळाली नाहीत.' बस. तीन वर्षांचं काम. एका शब्दाने सुद्धा मला काही बोलले नव्हते. मनधरणी नाही, आदळआपट नाही. गुपचूप चिठ्ठी तयार करून ठेवली होती, शनिवारी बाईंच्या हातात द्यायला. मला वाईट वाटलं. पण सही करायची म्हटली की ते बा. बा. डोळ्यांसमोर यायचं आणि हात आखडायचा.

मग मी म्हटलं, आपणच बघू. "तुमची सगळी कार्डं कुठे असतात?"

"पलंगाखाली. बुटांच्या खोक्यांत. वर्षाला एक खोकं. का?"

"चौदा वर्षांत मी एखादं तरी धड वाक्य बोलले असेन की नाही? मी शोधते. तुम्ही न्हाव्याकडे जाऊन या."

"मागच्याच आठवड्यात गेलो होतो."

"मग पुन्हा जा!"

हे गेले. मी धूळ पुसायला फडकं घेऊन खाली फतकल मारली आणि खोकी ओढली.

आधी तर मला हसूच आवरेना. केवढं बोलले आहे मी! नळ, छत्र्या, विजेची बिलं, वन्संच्या सूचना, लेकीच्या लग्नातला गोंधळ, सगळ्यावर माझं काही ना काही म्हणणं. 'हा तिसरा कप. पोटात विहीर आहे का?' 'तुम्हाला सांगण्यापेक्षा भिंतीला सांगितलं तर ती निदान मधे मधे लिहून घेणार नाही.' वाचता वाचता एक लक्षात आलं, हे एकही दिवस सोडत नाहीत. एखाद्या दिवशी घेण्यासारखं काही कानावर पडलं नाही, तर त्या दिवशीची तारीख घालून कोरं कार्ड ठेवतात. शिस्त म्हणजे शिस्त. पण अशी कोरी कार्डं वर्षात दोन किंवा तीन. आमच्या घरात गप्प दिवस उगवतोच कधी?

चौथ्या खोक्यात मात्र सलग चार कोरी निघाली.

मला वाटलं, गावाला गेले असतील. तारखा पाहिल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या. आणि मग माझ्या हातातलं फडकं तिथेच राहिलं. त्या तारखा दवाखान्यातल्या. माझ्या पोटातली गाठ काढली होती. मला आठवतं ते एवढंच की आत नेलं आणि मग बाहेर होते. मधे थोडा ताप होता म्हणून झोपून राहिलीस, असं हे म्हणाले होते. वन्संही तेच म्हणाल्या होत्या. थोडा ताप! चार दिवस मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते, आणि हा माणूस रोज तारीख घालून कोरं कार्ड ठेवत होता.

पाचवं कार्ड भरलेलं होतं. अक्षर ह्यांचंच, पण कापरं.

'बायको. दवाखाना, खाट सात. दुपार. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य. "तुम्ही अजून इथेच? निदान दाढी तरी करायची होती!"'

खाली नंतर वेगळ्या शाईने घातलेले दोन अर्थांचे आकडे होते. एकाच वाक्यात आंकोरचे दोन अर्थ, पहिला आणि 'निदान एवढं तरी' वाला. असं वाक्य मिळालं की ह्यांच्या कचेरीत पेढे वाटायचेच बाकी ठेवतात. आणि त्याच्याखाली लाल पेन्सिलीने, दोनदा अधोरेखित केलेलं: 'छापायचं नाही.'

हे परत आले तेव्हा मी तशीच जमिनीवर बसले होते. ह्यांच्या डोक्यावर केस म्हणावे असे काही राहिलेच नव्हते. मी कार्ड पुढे केलं. "हे का नाही दिलंत?"

हे पलंगाच्या कडेवर बसले. "डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. मी घरी आलो की ऐकत बसायचो. नळ वाहत असायचा. कुणी ओरडायचं नाही." मग म्हणाले, "छत्री मी मुद्दाम दवाखान्यात विसरून आलो एकदा. तरी कुणी ओरडलं नाही."

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले मी, लाजबीज न बाळगता. ह्यांचेही डोळे भरले होते. मी म्हटलं, "आधी सांगायला काय झालं होतं अकरा वर्षांत?" हे म्हणाले, "तू मधे बोलू कुठे देतेस?" मग आम्ही दोघंही हसायला लागलो आणि खालून वन्संनी काठीने छत ठोकून विचारलं, काय चाललंय?

शनिवारी दहाच्या ठोक्याला संपादकबाई आल्या. दम लागला होता, दोन जिने चढून आल्या होत्या. वन्सं आपली दहा वाक्यं स्वच्छ अक्षरात लिहून घेऊन आधीच हजर. मी पेन घेतलं आणि सही करत सुटले. शर्ट, छत्री, जळमटं, नळ, डोकं, खुर्ची. एकोणीस वेळा.

"वहिनी!" वन्सं ओरडल्या. "अगं, शंभर वर्षं लोक तुला कजाग म्हणतील!"

"म्हणू देत. ज्याच्यावर ओरडले त्याची तक्रार नाही, लोकांचं काय जातंय?"

संपादकबाईंनी पानं तपासली, सह्या मोजल्या. ह्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. मग बाईंनी पेन्सिलीचं टोक पहिल्या ओळीवर टेकवलं.

"सगळं छान जमलंय. फक्त हे पहिलं, शर्टाचं, जरा साधं वाटतं. सगळ्यात मुख्य अर्थ हा. इथे ठसठशीत काही हवं होतं. याहून चांगलं एखादं वाक्य नाही का ऐकलेलं?"

हे माझ्याकडे बघत राहिले.

"आहे," मी म्हटलं. "पण ते द्यायचं नाही."